चौदा इंच खिडकी

रोज संध्याकाळी सहाच्या आत जेवण उरकायचं, ताट विसळून पालथं घालायचं आणि हॉलमध्ये येऊन आपल्या खुर्चीवर बसायचं, हा सुकुमार मगदुमांचा नेम होता. गल्लीत त्यांना सगळे अण्णा म्हणत. दिवस मावळायच्या आत जेवायची या घराची जुनी रीत, आणि बायको, त्रिशला, गेल्यावरही ती मोडली नव्हती. बसल्यावर अण्णा कानपेटी चालू करायचे. पेटी आधी जीभ टाळ्याला लावून काढावा तसा एक बारीक आवाज सोडायची, खोलीचा अंदाज घ्यायची आणि मग विचारायची, "खोली बदलली आहे. नवी मोजणी करायची का?"

"नको," अण्णा म्हणायचे.

मग सारंगी लागायची. सारंगी त्रिशलाच्या आवडीची. अण्णा समोरच्या खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ती ऐकायचे. खुर्चीच्या पाठीवर तिची शाल होती, बाजूला वाती वळायची तिची टोपली, आणि टोपलीत अर्धा भरलेला कापूस. तेरा महिने पेटी रोज विचारत होती आणि तेरा महिने अण्णा रोज नको म्हणत होते.

कानपेटी हे तिचं खरं नाव नव्हे. कंपनीने ठेवलेलं नाव लांबलचक होतं आणि इचलकरंजीत ते कुणी उच्चारण्याच्या भानगडीत पडत नसे. २०३३ साली अण्णांनी ती घेतली तेव्हा ते अजून यंत्रमागांच्या एका शेडमध्ये जॉबर होते. जॉबर म्हणजे माग लावून देणारा, बिघडला तर सरळ करणारा माणूस. पंचवीस-तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर त्यांचे कान काही फार तिखट राहिले नव्हते. कान होते ते त्रिशलाचे. नवे स्पीकर घरात आले त्या दिवशी दहा मिनिटं ऐकून ती म्हणाली होती की तबलजी कोपऱ्यात पिंपात बसून वाजवतोय. अण्णांना आपल्या खुर्चीवर तसं काही वाटेना. मग तिने त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं, आणि खरोखरच डग्गा पिंपात होता.

यात स्पीकरचा दोष नव्हता. कुठलीही खोली गाण्यात आपलं काहीतरी मिसळते. आवाज सरळ कानाशी येतो, तसाच भिंतीवर, फरशीवर, छतावर आपटूनही येतो, आणि हे सगळे थोडे पुढेमागे पोचतात. खर्जाच्या लाटा लांब असतात, दहा-पंधरा फुटांच्या. आपल्या खोल्याही तेवढ्याच. म्हणून त्या दोन भिंतींमध्ये अडकून बसतात, एका जागी दुप्पट होतात आणि दुसऱ्या जागी एकमेकींना खाऊन टाकतात. बारीक, वरच्या आवाजांची गोष्ट वेगळी. ते गादीत, पडद्यात, लोकरीत, कापसात शिरतात आणि बाहेर येत नाहीत.

कानपेटीचं काम एवढंच की ती खोलीला आधी ओळखून घ्यायची. स्पीकरमधून घुमण्यापासून शिट्टीपर्यंत चढत जाणारा एक लांब आवाज सोडायचा, माइकने तो ऐकायचा. पाठवलं काय आणि पोचलं काय, यांतला फरक म्हणजे ती खोली. एकदा तो फरक कळला की पेटी प्रत्येक गाणं पाठवतानाच हिशेबाने पाठवते. खोली जे फुगवणार ते आधीच कमी, खोली जे गिळणार ते आधीच जास्त. अण्णांना हे लगेच पटलं होतं. मागावर ताणा एका अंगाला ओढायला लागला की जॉबर दुसऱ्या अंगाला वजन वाढवतो. तसंच हे.

पेटी बसवायला इरफान मोमीन आला होता. तेव्हा तो त्या धंद्यात नवीन होता. त्याचे वडील आणि अण्णा एकाच शेडमध्ये होते, त्यामुळे तो घरचाच. दिवस भाद्रपदातले, जैनांच्या दशलक्षण पर्वाचे. त्या दहा दिवसांत त्रिशला दुपारी बारापर्यंत मौन पाळायची. इरफान सकाळी दहाला आला, वायरी जोडल्या, माइक उभा केला आणि म्हणाला की मोजणीच्या वेळी खोली शांत पाहिजे, वहिनींनी जरा आत बसावं. त्रिशलाने मान हलवली. खिडकीकडे बोट दाखवलं, मग कापसाकडे. उजेड इथेच होता आणि मंदिराच्या वाती आजच वळून व्हायच्या होत्या.

"बसू दे की तिला," अण्णा म्हणाले. "बारापर्यंत तोंडातून अक्षर काढायची नाही. तुझ्या पेटीपेक्षा गप्प आहे ती."

इरफानलाही ते पटलं. शांतताच तर हवी होती. खिडकी ओढून घेतली, अण्णा आणि इरफान दारात उभे राहिले आणि मोजणी झाली. सात वेळा तो आवाज खालून वर चढला. सातव्या वेळी शिट्टी टोकाला गेली तेव्हा त्रिशलाचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, पण आवाज काढला नाही. मांडीवर शाल, हातात कापूस, आणि तोंडावर पदर.

बारा वाजून एका मिनिटाने ती पहिलं वाक्य बोलली की गाढव शिट्टी मारायला शिकलं तर असंच मारेल. मग गाणं लावलं. तबलजी पिंपातून बाहेर आला होता.

पुढची सात वर्षं ती दोघं रोज संध्याकाळी तिथे बसली. अण्णा त्यांच्या खुर्चीवर, ती तिच्या. थंडीत शाल मांडीवर, उन्हाळ्यात पाठीवर. अण्णा शेडमधली सगळी कटकट तिला सांगायचे, मालकाची, सुताची, तुटलेल्या दोऱ्याची, आणि आवाज चढला की ती नुसती म्हणायची, "कारखाना बाहेर ठेवा." शेडमध्ये ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि तीच सवय घरी येते. अण्णांची ती सवय तिने मोडली होती.

मग मार्गशीर्षात ती चार दिवस आजारी पडली आणि गेली.

दिवसकार्य झाल्यावर अण्णांनी पहिल्यांदा पेटी लावली तेव्हा पेटीने तो प्रश्न विचारला. अण्णांना आधी कळेना. खोलीत एक वस्तू इकडची तिकडे झाली नव्हती. त्यांनी इरफानला फोन केला. आता इरफान दहा गावांच्या पेट्या बघत होता. त्याने आपल्या पडद्यावर जुनी मोजणी पाहिली आणि म्हणाला, "अण्णा, त्या दिवशी वहिनी खोलीत होत्या."

पेटीला बाई दिसत नव्हती. पेटीला एवढंच कळलं होतं की खिडकीजवळ असं काहीतरी आहे जे बारीक आवाज गिळतं. तिने ते खोलीचाच भाग म्हणून धरलं होतं, आणि जे गिळलं जाणार ते सात वर्षं आधीच जास्त पाठवत होती. आता गिळणारं कुणी नव्हतं. ते जास्तीचं तसंच खोलीत राहत होतं, भिंतींवर आपटून परत येत होतं. अण्णांना सारंगी जरा टोचत होती, ती म्हणूनच. सोप्या शब्दांत सांगायचं तर पेटी अजून दोघांचं ताट वाढत होती.

"होय म्हणा, अण्णा," इरफान म्हणाला. "पाच मिनिटांत नवी मोजणी होते. आवाज परत गोड होईल."

अण्णांनी होय म्हटलं नाही. जगात आता एकच जागा उरली होती जिथे त्रिशला आहे असं धरून चाललं जात होतं, आणि ती जागा या पेटीत होती. रेशनकार्डावरून नाव गेलं, बँकेतून गेलं, मंदिराच्या यादीतून गेलं. इथून आपल्या तोंडाने कसं घालवायचं?

उलट त्यांनी जॉबरसारखा विचार केला. पेटी बदलायची नसेल तर खोली पहिल्यासारखी करायची. त्यांनी तिच्या खुर्चीत उशा ठेवून पाहिल्या. गादीची गुंडाळी उभी करून पाहिली. तिचं स्वेटर उशीला घालून पाहिलं, आणि ते इतकं भयानक दिसलं की लगेच काढलं. उशांनी बारीक आवाज जास्तच गिळले, गादीने मधलेही खाल्ले. पेटी रोज तेच विचारत राहिली. मग निदान जे आहे ते तरी हलू नये म्हणून त्यांनी खोली जपायला सुरुवात केली. मोजणीच्या दिवशी खिडकी बंद होती, म्हणून खिडकी बंद. पडदे धुवायचे नाहीत, धुतलेला पडदा वेगळा पडतो. शेजारच्या सुमतीकाकू बसायला आल्या की दारातच दोन शब्द. हॉलमध्ये माणूस आला की हिशेब बिघडणार. काकूंनी चार-पाच वेळा पाहिलं आणि यायचं थांबवलं. बाकीचेही थांबले. अण्णांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. कंपनीचा निरोप आला की पेटीची आतली घडण बदलते आहे आणि एकतीस जानेवारीनंतर जुन्या पद्धतीच्या मोजण्या चालणार नाहीत. ज्यांनी नवी केली नसेल त्यांची पेटी साध्या स्पीकरसारखी वाजेल. आणि पुण्याहून स्नेहल महिनाभर राहायला आली, दहा महिन्यांच्या मिहिकाला घेऊन.

स्नेहल त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेली तेव्हा ती गरोदर होती, डॉक्टरांनी प्रवास करू दिला नव्हता, आणि आईचं शेवटचं दर्शन तिने फोनवर घेतलं होतं. नंतर घरी यायचं बाळामुळे राहत गेलं. आता आली ती सरळ हॉलमध्ये गेली आणि आईच्या खुर्चीत बसायला निघाली.

"तिथे नको बसू," अण्णा म्हणाले. "इकडे बस."

ती इकडे बसली. का ते तिने विचारलं नाही. पण पुढच्या दोन दिवसांत तिला सगळं कळत गेलं. बाळाची गादी हॉलमध्ये नको, स्वयंपाकघरात घाल. खिडकी नको उघडूस. संध्याकाळी सहा ते सात मिहिकाला आत ठेव. ती सगळं करत होती, आणि दिवसेंदिवस कमी बोलत होती.

चौथ्या दिवशी मिहिका रांगत हॉलमध्ये आली. खुर्चीला धरून उभी राहिली, ती नुकतीच उभी राहायला शिकली होती, आणि तोल सावरायला तिने हाताशी आलेली शाल ओढली. शाल खाली, टोपली आडवी, कापूस फरशीभर. तिने एक वात उचलून तोंडात घातली.

"हात लावू नको!"

हा शेडमधला आवाज होता. या घरात तो किती वर्षांत निघाला नव्हता. मिहिका आधी दचकली, मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती जोरात रडायला लागली. स्नेहल धावत आली, बाळाच्या तोंडातून वात काढली, तिला खांद्यावर घेतलं. अण्णा गुडघ्यांवर बसून कापूस गोळा करत होते. कुठला तुकडा कुठे होता ते आठवायचा प्रयत्न करत होते.

"पप्पा," स्नेहल म्हणाली, "आई गेली ती माझीपण गेली. मी बसायचं कुठे, ते तरी सांगा."

अण्णा कापूस वेचत राहिले. ती आत गेली. थोड्या वेळाने बॅगेची चेन सरकवल्याचा आवाज आला.

अण्णांनी इरफानला बोलावलं. काय बोलायचं ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. जुनी मोजणी नव्या घडणीत कशी तरी बसवता येते का, एवढंच विचारायचं त्यांनी ठरवलं होतं. इरफान दुपारी आला. स्नेहलने चहा केला, इरफानदादाशी दोन शब्द बोलली आणि बाळाला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बॅग तिच्या मागेच होती.

इरफान म्हणाला की बसवता येत नाही. त्याने आधीच दोन रात्री जागून प्रयत्न केला होता, कंपनीच्या लोकांच्याही मागे लागला होता. मग तो कपाकडे बघत म्हणाला की अण्णा, चूक माझीच आहे. मोजणीच्या पुस्तकात पहिलीच ओळ होती, खोलीत माणूस नको. आवाज करतो म्हणून नव्हे, आवाज गिळतो म्हणून. त्या वेळी मला ते समजलंच नव्हतं. मला वाटलं, वहिनी मौनात आहेत म्हणजे झालं.

अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांच्या मनात इतके महिने असलेला प्रश्न विचारला. "मला एक सांग. पेटीच्या हिशेबात ती किती होती?"

इरफानने जुनी मोजणी काढली, पेटीचा आजचा अंदाज काढला, दोन्ही एकमेकांखाली ठेवले. "शून्य पूर्णांक त्रेचाळीस."

"त्रेचाळीस काय?"

इरफान घुटमळला. म्हणाला, "खिडकी."

मग त्याने सांगितलं. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी, असली यंत्रं नव्हती तेव्हा, परदेशात एका प्राध्यापकाला एका सभागृहातला घुमारा कमी करायचा होता. कोणती वस्तू किती आवाज गिळते हे मोजायचं कशात, हा त्याच्यापुढे प्रश्न. त्याने विचार केला की उघड्या खिडकीतून गेलेला आवाज कधीच परत येत नाही. म्हणजे उघडी खिडकी हे पुरं गिळणं. मग सगळं त्यातच मोजायचं. अमुक गालिचा म्हणजे इतकी उघडी खिडकी, अमुक पडदा म्हणजे तितकी. आजही या शास्त्रात मोजतात ते मुळात त्यातच.

"आणि बसलेला माणूस?" अण्णांनी विचारलं.

"अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास. शाल आणि कापूस अजून इथेच आहेत, म्हणजे नुसत्या वहिनी त्रेचाळीस शतांश. पावणेपाच चौरस फुटांच्या आतबाहेर." इरफानने कप खाली ठेवला. "उघडी खिडकी, अण्णा."

सदतीस वर्षं शेडमधलं सगळं अण्णांनी त्रिशलाजवळ आणून टाकलं होतं. राग, अपमान, मालकाला जे बोलता आलं नाही ते. त्यातलं एकही तिने कधी उलटून त्यांच्या अंगावर टाकलं नव्हतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. सरकती खिडकी, तेरा महिने बंद. काचेच्या कडेला धूळ घट्ट बसली होती.

ते उठले आणि आतून स्टीलची पट्टी घेऊन आले. जॉबरच्या खिशातली पट्टी, आकडे झिजलेले. खिडकीची उंची मोजली, बरोबर चार फूट. मनात भागाकार केला. पेन्सिलने खालच्या चौकटीवर खूण केली, चौदा इंचांवर. खिडकी सरकेना. मग कपाटातून मागाचं तेल काढून पन्हाळीत सोडलं, तळव्याने दोनदा ठोकलं, आणि खिडकी कुरकुरत खुणेपर्यंत सरकली.

"अगदी तंतोतंत होणार नाही हां," इरफान म्हणाला. "खर्जात माणूस वेगळा आणि खिडकी वेगळी."

"बघू की," अण्णा म्हणाले.

ते आपल्या खुर्चीवर बसले. इरफान आठ वर्षांपूर्वीसारखा दारात जाऊन उभा राहिला. पेटी चालू केली. पेटीने तो बारीक आवाज सोडला, थांबली.

तिने काही विचारलं नाही.

सारंगी सुरू झाली. तेरा महिने जी धार अण्णांच्या कानाला लागत होती ती नव्हती. जे जास्तीचं होतं ते खिडकीतून बाहेर जात होतं. आणि त्याच वाटेने बाहेरचं आत येत होतं. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, समोरच्या शेडमधल्या नव्या मागांची घरघर, भाजीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा. मग खिडकीशी सुमतीकाकूंचा चेहरा आला. सारंगी ऐकून त्या ओट्यावरून उठून आल्या होत्या.

"काय ओ अण्णा, जागे झालासा?"

"झालो," अण्णा म्हणाले. "या की आत."

काकू म्हणाल्या की दूध ठेवलंय गॅसवर, ते उतरवून येते.

स्नेहल अजून दारात होती. मिहिका तिच्या खांद्यावर झोपली होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्रिशलाच्या खुर्चीकडे हात केला. ती हलली नाही. "बस," ते म्हणाले. "तिथेच बस." ती आली, शाल मांडीवर घेतली, बाळाला तिच्यावर घेतलं आणि आईच्या खुर्चीत टेकली.

एक तुकडा संपला. दुसरा लागायच्या आधी पेटीने पुन्हा तो बारीक आवाज सोडला आणि विचारलं, "खोली बदलली आहे. नवी मोजणी करायची का?"

स्नेहल गडबडीने उठायला लागली. अण्णांनी तिला हातानेच बसवलं. ते खिडकीशी गेले आणि खिडकी ओढून पूर्ण लावली. पेटीला पुन्हा अंदाज घ्यायला सांगितलं. पेटी थांबली. काही विचारलं नाही. दुसरा तुकडा सुरू झाला.

अण्णा पट्टी हातात धरून तिथेच उभे होते. त्यांना हा भागाकार आता पुरता कळला होता. खुर्चीत माणूस बसला तर खिडकी लावायची. माणूस नसला तर उघडायची. तेरा महिने त्यांनी दोन्ही बंद ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी स्नेहलने बॅग परत उघडली, आणि बाळाची गादी हॉलमध्ये आली.

तीस जानेवारीला इरफान नव्या मोजणीसाठी आला. या वेळी त्याने पुस्तकातली पहिली ओळ मोठ्याने वाचून दाखवली. अण्णा म्हणाले की पुस्तक मिटव. खोली रिकामी होणार नाही. स्नेहल तिच्या आईच्या खुर्चीत बसेल, मिहिका तिच्या मांडीवर, मी माझ्या जागेवर, आणि खिडकी चौदा इंच उघडी राहील. ही आमची खोली आहे, हिची मोजणी कर.

"अहो, खिडकी उघडी म्हटल्यावर गल्लीचा आवाज येणार," इरफान म्हणाला. "समोर शेड आहे."

ते काम सुमतीकाकूंनी केलं. त्या रस्ता ओलांडून गेल्या आणि शेडमध्ये काय सांगितलं कुणास ठाऊक. पण दहा मिनिटांनी समोरचे माग एकेक करून थांबले. इचलकरंजीत भरदिवसा माग थांबले की माणूस घराबाहेर येऊन बघतो. लोक बाहेर आले. काकूंनी सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून दाखवलं. भाजीवाल्याने भोंगा बंद केला.

आत मिहिका गाढ झोपली होती. स्नेहलच्या मांडीवर शाल होती. अण्णांना रिकामे हात घेऊन बसवेना, म्हणून त्यांनी टोपली जवळ घेतली आणि वाती वळायला लागले. मागाचा दोरा नजरेने पारखणाऱ्या माणसाच्या हातची वात सुरवंटासारखी जाड होत होती. स्नेहल बघत होती. सात वेळा तो आवाज खालून वर चढला. सातव्या वेळी शिट्टी टोकाला गेली तेव्हा तिचे खांदे हलायला लागले. तिने तोंडावर शाल धरली.

मोजणी संपल्यावर इरफानने जुनी पुसली. पुसताना त्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात स्नेहल पुण्याला गेली. त्या संध्याकाळी अण्णांनी सहाच्या आत जेवण केलं, ताट विसळून पालथं घातलं, हॉलमध्ये आले. खिडकी खुणेवर होती. सुमतीकाकूंच्या घरातून फोडणीचा वास येत होता. त्यांनी पेटी चालू केली. पेटीने अंदाज घेतला.

"खोली बदलली आहे. नवी मोजणी करायची का?"

"नको," अण्णा म्हणाले. "येतील ती."

मग त्यांनी फोन उचलून स्नेहलला लावला. ती बाळाला भरवत होती. अण्णांनी सांगितलं की पेटी विचारतेय, दोन माणसं कमी आहेत म्हणते. काय सांगू तिला?

"होळीला येतो म्हणून सांगा," स्नेहल म्हणाली.

फोन ठेवल्यावर सारंगी लागली. पेटी आता त्या दोघींच्याही वाट्याचं वाढत होती, आणि ते उरत होतं. आवाज थोडा टोचत होता. अण्णांनी बोटांवर होळीपर्यंतचे दिवस मोजले, पाय लांब केले आणि तसाच ऐकत बसले.